आश्रुबाशेठचे हात

आश्रुबाशेठच्या चित्रातून त्याच्या पोराला, हरिओमला, काय काय मिळणार होतं याची बेरीज सिद्धोधनने पेट्रोलपंपाच्या रांगेतच, गाडीवर बसून, एक पाय जमिनीला टेकवून करून टाकली. नव्या कारखान्याच्या दर्शनी हॉलची मोठी भिंत रिकामी होती, ती भरणार होती. आश्रुबाशेठ गेल्यापासून व्यापारी जपून बोलत होते, पोरगा कंपनी धरून ठेवतो की घालवतो याचा अंदाज घेत होते. वर्षश्राद्धाच्या दिवशी बाप भिंतीवर येऊन बसला की त्यांचाही सूर बदलणार होता. पेपरात फोटो येणार होता. भावकीत वजन वाढणार होतं, आणि ज्या भावकीनं आश्रुबाच्या हातचा चहा उभ्या जन्मात घेतला नव्हता ती त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसणार होती. सिद्धोधनला यातलं काही खटकलं नव्हतं. बापाला मान देता देता माणूस आपली दोन कामं उरकून घेत असेल तर घेऊ दे. मान फुकट कोण देतो? सिद्धोधनने काढलेलं चित्र पुरं झालं होतं, त्याचा फोटो त्याने सकाळीच पाठवला होता, आणि आता फोनवर हरिओम म्हणत होता, "सर, एक नंबर. बापू आता बोलतील का काय, आसं वाटायलंय. फक्त ते ओठ अन् हात तेवढे एकसारखे करून टाका."

"एकसारखे म्हणजे?"

"म्हणजे... तुमाला कळतंय की सर. डाग."

मागच्याने हॉर्न वाजवला. रांग पुढे सरकली होती आणि सिद्धोधनच्या गाडीपुढे एक रिकामी जागा तयार झाली होती, तिच्यात डावीकडून एक ऑटो येऊन घुसला. "मास्तर, झोपलात का?" कोणीतरी ओरडलं. त्याने गाडी रांगेबाहेर काढली, पेट्रोल न भरताच, आणि उन्हात ढकलत झाडाखाली नेली. एकसारखे करून टाका. जसं काही भिंतीला पोपडे आलेत आणि हरिओमने मिस्त्री बोलावलाय. राग यायला त्याला नेहमीच थोडा वेळ लागायचा. आधी कानामागे गरम व्हायचं, मग दातांत, मग तो शब्दांत उतरायचा तोवर समोरचा माणूस फोन ठेवून गेलेला असायचा.

डाग. आश्रुबाशेठच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही हातांवर मनगटापर्यंत कोड होतं. बाकीचा माणूस पेडगावच्या काळ्या रानासारखा सावळा, आणि त्यात ही पांढरी बेटं. पांढरी म्हणायची सवय म्हणून म्हणायचं. ती पांढरी नव्हती. हे सिद्धोधनला फार लहानपणी कळलं होतं, इतक्या लहानपणी की रंग नावाची गोष्ट असते हेच मुळी त्याला त्या हातावरून कळलं असं तो आता म्हणू शकला असता. त्याची आई सगुणाबाई तेव्हा सेलूला आश्रुबाच्या डाळ मिलमध्ये निवडायला जायची. एकदा तापाने पडली, गेली नाही. दुपारी आश्रुबा स्वतः वस्तीत आला, दाराशी उभा राहिला आणि पाणी मागितलं. आई उठली, मडक्यापाशी गेली आणि थांबली. तिच्या हातात पितळी गिलास, आणि चेहऱ्यावर सिद्धोधनला तेव्हा न कळलेलं काहीतरी. "शेठ, आमच्या घरचं चालंल का?" असं ती म्हणाली. आश्रुबा हसला. म्हणाला, "बाई, माझ्या हातातला गिलास तुला परत चालंल का, ते सांग आधी." दोघंही तसेच उभे राहिले, एकमेकांना परवानगी मागत. मग तो प्यायला, घटाघटा, आणि गिलास खाली ठेवला. आणि आईने तो न विसळता मडक्यात बुडवला आणि स्वतः प्यायली. दारातून आलेल्या उन्हात तो गिलास धरलेला हात सिद्धोधनने पाहिला. पांढऱ्यात गुलाबी होतं, बोटांच्या पेरांशी जरा जांभळं, आणि पितळेचं पिवळं त्याच्यावर सांडलं होतं. पुढे वस्तीत सगळे म्हणत राहिले, केवढा मोठा माणूस, आपल्या घरी पाणी प्याला. सिद्धोधन मोठा झाल्यावर त्याने हाही हिशोब केला होता: त्यात मोठेपणा किती आणि तहान किती? मिलपासून वस्तीपर्यंत बाकीची घरं होतीच की. त्या घरांत त्याला पाणी मिळालं असतं, पण वरून ओतून, ओंजळीत. म्हणजे आमच्यासारखंच. तेव्हा तो आमच्याकडे खाली उतरून आला नव्हता, तो आमच्याच ओळीत उभा होता. यामुळे आदर कमी व्हायला हवा होता. उलट वाढला.

आणि कंपनी तरी कशातून निघाली? हे हरिओमला ठाऊक नव्हतं असं नाही. साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, शेठ स्वतःच प्रत्येक सभेत सांगायचा. सेलूच्या बाजारात तो सुटी तूरडाळ विकायला बसायचा. बाया यायच्या, डाळ बघायच्या, भाव करायच्या आणि त्याने मापट्यात हात घातला की पदर सावरत पुढच्या दुकानावर जायच्या. डाळ एक नंबर, पण हात? तेव्हा त्याने बायकोला बसवून कापडी पिशव्या शिवून घेतल्या, डाळ आत भरली, तोंड शिवून टाकलं आणि वर छापलं, 'हात न लागलेली डाळ'. परभणी, हिंगोली, जालन्यापर्यंत ती पिशवी गेली. "लोकाला माझी किळस आली नसती तर मी आजून मापटं घेऊन बसलो असतो," असं तो माईकवर म्हणायचा आणि स्वतःच आधी हसायचा. आणि दसऱ्याला मात्र, वर्षभर बंद पिशव्या विकणारा हा माणूस, मिलच्या अंगणात पोतं उघडं करायचा आणि नव्या डाळीची ओंजळ स्वतःच्या हातांनी प्रत्येक कामगाराच्या पदरात, टोपीत, रुमालात घालायचा. त्या दिवशी न आलेल्याला दुसऱ्या दिवशी बोलावून द्यायचा. घेणाऱ्यानं हात मागे घेतला का, हे तो बघायचा. सगुणाबाई सांगायची, "माप घेत नव्हता त्यो, आमचं माप काढत व्हता." हा माणूस, आणि याचे हात आता एकसारखे करायचे. कंपनी ज्याच्यावर उभी राहिली तेच पुसायचं, आणि पुसलेल्या जागेवर हार घालायचा! संध्याकाळपर्यंत सिद्धोधनच्या डोक्यात हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी बोलत राहिलं. शाळेत त्याने सातवीच्या पोरांना केळी काढायला दिली आणि स्वतः खिडकीपाशी उभा राहून हरिओमशी भांडला.

खरा हरिओम दुसऱ्या दिवशी घरी आला, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे चित्र उभं होतं. पांढरे कपडे, गॉगल डोक्यावर. चित्रासमोर आला आणि पहिल्यांदा त्याने हात जोडले. ते खोटं नव्हतं, एवढं सिद्धोधनने मान्य केलं. बापू खुर्चीत बसलेले, हात मांडीवर उघडे, ओंजळीत डाळ. "मी तुमाला फोटो दिला होता की सर," तो म्हणाला. दिला होता. उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत, कुठल्यातरी ॲपमधून काढलेला. सिद्धोधनने तो बघून बाजूला ठेवला होता. त्याला फोटो लागणारच नव्हता.

"तुमच्या वडिलांना हे कधी लपवावंसं वाटलं नाही, हरिओमभाऊ."

"बापूंची गोष्ट वेगळी. त्यांना कोणाच्या घरी पोरगी द्यायची नव्हती." तो खुर्चीवर बसला. "लातूरचे पाहुणे त्या दिवशी येणारेत. लय मोठं घर हाय. ते भिंतीवर हे बघणार, मग विचारणार, रक्तात हाय का तुमच्या? मग काय सांगू मी? माझ्या पोरीचं लग्न तुमच्या कलेपायी मोडू द्यायचं का?"

"मग चित्रच नका लावू. मोठा फोटो लावा."

"फोटो सगळेच लावतात सर. पेंटिंग म्हणलं की इज्जत असती." एवढं बोलून तो थांबला, आणि मग मऊ आवाजात म्हणाला, "बापूंनी तुमच्यासाठी किती केलं, ते मी कधी बोललो का?" बोलला नव्हता. आत्ता बोलला. सिद्धोधनने चित्रावर कापड टाकलं आणि ब्रश लावणार नाही म्हणून सांगितलं. हरिओम जिन्यावरून उतरताना खाली सिद्धोधनच्या बायकोला, माधवीला म्हणाला, "वहिनी, सरांना समजवा जरा." माधवीने रात्री ताट वाढताना समजावलं ते असं: "तुमचा राग खराय. पण त्यांच्या हॉलसाठी त्यांच्या बापाचं चित्र, अन् हट्ट तुमचा. नक्की कोणाचा बाप काढलाय तुमी?" तो हसला नाही. तिने वरून पोळी टाकली. हट्ट त्याचाच होता. आयुष्यभर त्याने शाळेच्या गॅदरिंगचे पडदे रंगवले, पुढाऱ्यांचे चेहरे रंगवले, सगळे गोरे करून. त्या एका हातासाठी तो जणू रंग शिकला होता आणि तो हात त्याला अखेर जमला होता. तो पुसला तर मागे काय उरतं, हे तो रात्रभर स्वतःला विचारणार नव्हता, कारण उत्तर माहीत होतं.

मग भक्ती आली. हरिओमची मुलगी, सिद्धोधनचीच जुनी विद्यार्थिनी, आता कृषी विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजी करून कंपनीत बसणारी. बाहेरच्या ग्राहकांशी तीच बोलायची, नमुने तीच दाखवायची, आणि आश्रुबाशेठची बोलायची ढब नातीत उतरलीय असं व्यापारी म्हणायचे. सिद्धोधनला वाटलं, आली, आता आपल्या बाजूला एक माणूस आलं. ती चित्रासमोर खूप वेळ उभी राहिली. डोळे पुसले. मग म्हणाली, "सर, झाकून टाका."

"पप्पांनी पाठवलं?"

"पप्पांना माहीत नाही मी इथं आलीय ते." तिने पायातली चप्पल काढली आणि पाऊल पुढे केलं. घोट्याच्या हाडावर रुपयाएवढा डाग होता, त्याच्या खाली दुसरा, पुसट. "दिवाळीपासून हाय. आई-पप्पांना माहितंय. त्याला पण माहितंय, लातूरच्या मुलाला. मीच सांगितलं. तो म्हणला, मला चालतंय, पण घरच्यांना लग्नाच्या बोलणीत नको, मी नंतर हळूहळू सांगतो. हुशार हाय तो. मला आवडतो सर."

सिद्धोधन बोलू लागला. आजोबांनी कधी लपवलं का, ज्यांना चालत नाही त्यांच्या घरी जायचंच कशाला, वगैरे. वर्गात बोलतो तसं. तिने ऐकून घेतलं. "आजोबांनी पिशवीचं तोंड शिवलं अन् डाळ विकली," ती म्हणाली. "त्यांना स्वतःला कुठं विकायचं होतं? मला कोणत्या पिशवीत घालताव?" तिच्या आवाजात रडणं नव्हतं, उलट थोडी थट्टा होती, शेठचीच. "तुमचं खरं हाय सर. सगळं खरं हाय. फक्त त्याचं बिल माझ्या नावानं फाडू नका."

ती गेल्यावर तो चिडला, आणि यावेळी चीड कोणावर धरावी हे त्याला कळेना. हरिओमवर धरली तर तो बाप होता. लातूरकरांवर धरली तर त्यांना त्याने पाहिलंही नव्हतं. पोरीवर धरता येत नव्हती. 'नंतर हळूहळू सांगतो' म्हणणाऱ्या त्या हुशार मुलावर त्याने थोडा वेळ धरून पाहिली. मग त्याने कापड काढलं, खिडकी लावून घेतली, आणि सुकलेल्या चित्रावर आधी वॉर्निशचा एक हात मारला. हे तो कोणाला सांगणार नव्हता. वॉर्निशवर चढवलेला रंग उद्या स्पिरिटच्या बोळ्याने निघू शकतो, खालच्याला धक्का न लावता. त्यागातही त्याने आपल्यापुरती एक वाट ठेवली. आणि मग सावळा रंग कालवून आश्रुबाशेठचा खालचा ओठ, हनुवटी, एकेक बोट, मनगट, सगळं एकसारखं केलं. काम सफाईदार झालं. मांडीवर कोण्या तलाठ्याचे वाटावेत असे दोन हात पडले होते.

वर्षश्राद्धाला कारखान्यात मांडव होता. पहिल्या ओळीत सोफ्यावर लातूरचे पाहुणे, जरीचे फेटे बांधलेले. मुलगा कडेला, मोबाइल उलटा धरून. भक्ती मोरपंखी साडीत, चहाचा ट्रे तिच्याच हातात. आणि हरिओमने, बापाच्या आठवणीला शोभेल म्हणून, कौतुकानं, सेलूच्या जुन्या मिलमधल्या सगळ्या बाया ट्रकने आणल्या होत्या. कुठल्या दुसऱ्या गावातल्या माणसानं ही चूक केली नसती. पण शेठचं कार्य आणि निवडणाऱ्या बाया नाहीत, हे इथं कोणाला सुचलंच नसतं. आणि या बायांनी शेठला कुठे पाहिलं, हे हरिओमला सुचलं नाही. त्यांनी शेठच्या तोंडाकडे मान वर करून फारसं पाहिलंच नव्हतं. त्यांनी दरसाल दसऱ्याला पदर पसरून पाहिले होते ते त्याचे हात.

पडदा सरकला, टाळ्या झाल्या. बायांना पुढे बोलावलं, फुलं वाहायला. पार्वतीबाई सगळ्यांत म्हातारी, म्हणून तिला आधी. तिने फुलं उचलली, चित्रावर नजर टाकली आणि उभीच राहिली. "ह्ये कोण हाय?" तिने मोकळ्या आवाजात विचारलं.

"मावशी, बापू की!" हरिओम हसला.

"तोंड हाय शेठचं. हात कोणाचे लावले?" मागून बाया पुढे सरकल्या. "व्हय की गं. आमच्या शेठचे हात आसे कुठं व्हते!" "पांढरेफेक व्हते, मनगटापस्तोर." "ओठबी." पार्वतीबाईला आता रडू फुटलं होतं. ती पहिल्या ओळीकडे वळली, पाहुणे मोठे दिसले म्हणून त्यांनाच न्याय मागावा तशी: "साहेब, कोड व्हतं आमच्या शेठला. पर त्या हाताची डाळ आमी पदरात घेतली. कधी किळस केली न्हाई. लाज वाटती व्हय आता यांना?" आणि तिने भक्तीला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "ही नात. शेठचंच रक्त हाय, डिट्टो."

कोणी काही वाईट बोललं नाही. लातूरकर जेवून गेले. जाताना हरिओमला म्हणाले की घरी विचार करून कळवतो. कळवलं नाही. मुलानं भक्तीला एक मेसेज केला, लांबलचक; त्यात आईच्या तब्येतीचं होतं. हे तिने सिद्धोधनला सांगितलं तेव्हा ती कारखान्याच्या फाटकापाशी उभी होती आणि म्हणाली, "पार्वतीमावशीला कोणी काही बोलू नका सर. तिनं कोणाचं वाईट केलं?" त्याला म्हणायचं होतं, मी केलं का? त्याने ते म्हटलं नाही, कारण तिने नाही म्हटलं असतं.

महिन्याभरानं हरिओमचा फोन. आवाज मोकळा. "सर, ते डाग परत आणता येतील का? बाया नाराज हायेत, गावात पण लोक काहीबाही बोलायलेत. पेपरवाला म्हणतोय, खरं चित्र लावलं तर मोठी स्टोरी करतो. आता काय, झाकून काय फायदा हाय?" सिद्धोधनच्या कानामागे गरम झालं आणि या खेपेला शब्द वेळेवर आले. "तेव्हा खरं महाग होतं, आता स्वस्त झालं, म्हणून घेताय का हरिओमभाऊ?" "तसं समजा," हरिओम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लाजेचा काही अंशही होता, निदान सिद्धोधनला तो ऐकू यावासा वाटला. "भक्तीला विचारलं का?" "तिला काय विचारायचं त्यात? चित्राचं बोलायलोय मी." नाही म्हणायची हीच वेळ होती. त्याने म्हणून पाहिलं, मनात, दोनतीन वेळा. पण बोळा आणि स्पिरिट घेऊन तो गेला, हॉलमध्ये शिडीवर चढला, आणि सावळा रंग उतरू लागला तेव्हा त्याला एवढा निर्लज्ज आनंद झाला की तो मान वळवून कोणाकडे बघेना. गुलाबी वर आलं, पेरांवरचं जांभळं वर आलं. खाली हरिओम आणि पेपरवाला उभे होते. "वडिलांचे हेच डाग आमच्या कंपनीचं भांडवल," असं हरिओम सांगत होता, आणि पेपरवाला लिहून घेत होता.

"भक्ती दिसत नाही," शिडीवरून उतरताना त्याने विचारलं. हरिओमने त्याला बाजूला घेतलं. "हनुवटीवर आलंय आता तिच्या. ग्राहक येतात सर, बाहेरचे, मोठे. खायचा माल आपला. म्हणून मीच म्हणलं, बाई, काही दिवस गंगाखेडचं गोदाम बघ. तिच्यासाठीच. तिथं कोणाचं येणंजाणं नाही, तिलाबी बरं." हे त्याने त्या चित्राच्या बरोबर खाली उभं राहून सांगितलं.

तेव्हा कोणाच्या पदरात काय पडलं, ते असं. हरिओमला भिंत मिळाली, बाप मिळाला, वर खरेपणाचं नावही मिळालं. पार्वतीबाईला तिच्या शेठचे हात परत मिळाले. लातूरचा मुलगा आईच्या तब्येतीवर सुटला. सिद्धोधनचं चित्र पेपरात रंगीत छापून आलं, खाली त्याच्या नावासकट, आणि माधवीने ते कापून ठेवलं तेव्हा त्याने तिला नको म्हटलं नाही. आश्रुबाशेठने आपलं जे होतं ते जिवंतपणीच चुकतं केलं होतं. राहिलेलं सगळं भक्तीनं भरलं, आणि अजून ती रोज सकाळच्या एसटीनं गंगाखेडला जाऊन भरतेय.